सीलबंद नळीतली चोरी

१

सोमवारी दुपारी पावणेदोनला इरावती घरी आली. आमची इरा दुपारी घरी येणाऱ्यातली नाही. सकाळी नऊला परळच्या संस्थेत गेली की दिवेलागणी झाल्याशिवाय गिरगावात उगवत नाही. त्या दिवशी मात्र चपला न काढता थेट स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, चोरी झाली."

"काय गेलं? पर्स?"

"माझं संयुग. नळी बंद आहे, सील जागच्या जागी आहे, सीलच्या चिठ्ठीवर सरांची सही आहे. आत मात्र भलतंच काहीतरी आहे. आणि सर सगळ्यांसमोर म्हणाले, की चोर मीच."

एवढं बोलून ती फरशीवर बसली. रडली नाही. रडली असती तर मला जरा धीर आला असता.

मी ललिता धैर्यवान. लग्नाच्या भानगडीत पडले नाही. भाऊ-वहिनी गेल्यापासून वाडीतल्या या दोन खोल्यांत आम्ही आत्या-भाची दोघीच. सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या कचेरीत मी एकतीस वर्षं टायपिंग केलं. रसायनशास्त्र शिकलेले नाही, पण विषाचे, रक्ताचे, जळक्या कपड्यांचे हजारो अहवाल या बोटांखालून गेलेत. 'नमुना सीलबंद स्थितीत मिळाला, सील अखंड' हे वाक्य तर इतक्या वेळा बडवलंय, की झोपेतही बोटं चालतील. त्यामुळे सील अखंड आणि माल गायब म्हटल्यावर माझं डोकं सणकलं.

"आधी चहा पी, मग पहिल्यापासून सांग," मी म्हणाले. "आणि माझ्याशी इंग्रजी पुस्तकासारखं बोलू नकोस."

२

तिने सांगितलं ते असं. कोबाल्टचा एक अणू घ्या. त्याला कार्बन मोनॉक्साइडचे चार रेणू चिकटलेले, आणि वर एक हायड्रोजन. नाव कोबाल्ट टेट्राकार्बोनिल हायड्राइड. नाव हायड्राइडचं, पण पाण्यात वागणं कडक आम्लाचं. पिवळंधमक, अत्यंत विषारी, आणि वास असा की माणूस उभ्या जागी ओकेल.

"आणि भयंकर नाजूक आहे गं. त्या हायड्रोजनला तिथे करमतच नाही. थंडी कमी होत शून्याखाली सव्वीसवर आली की ते वितळतं, आणि मग त्याचा धीर सुटतो. दोन-दोन रेणू एकमेकांना धरतात, हायड्रोजन सोडून देतात, आणि मागे गडद तपकिरी स्फटिक उरतात. डायकोबाल्ट ऑक्टाकार्बोनिल. ते बाजारात बाटलीत विकत मिळतं."

तिचं कौतुक हेच, की तिने ते पिवळं इतकं शुद्ध बनवलं होतं, की त्यावर सहा वर्षांचा प्रबंध उभा होता. ऑगस्टमध्ये नळी भरली, काच वितळवून तोंड बंद केलं, चिठ्ठी लावली, चिठ्ठीवर वजन आणि मार्गदर्शक डॉ. उन्मेष राजाध्यक्षांची सही. नळी उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये. सोमवारी बाहेरच्या परीक्षक, डॉ. कादंबरी दिघे, मुद्दाम ती बघायला आल्या. फ्रीझर उघडला, नळी काढली, आणि आत तपकिरी स्फटिक.

"मग सरळ आहे की," मी म्हणाले. "फ्रीझर बंद पडला असेल."

"मीही तेच म्हटलं. सरांनी रजिस्टर उघडून दाखवलं. दिवसातून तीनदा तापमान लिहितात. एकही नोंद चुकलेली नाही, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. सगळीकडे ऐंशीच्या आसपास. सर म्हणाले, फ्रीझर ठीक होता, सील ठीक आहे, याचा अर्थ एकच. हिने पहिल्यापासून बाजारची तपकिरी पूडच नळीत भरली आणि सहा वर्षांचे आलेख खोटे काढले."

"पिवळं कोणी बघितलं नव्हतं?"

"चिंतामणीकाकांनी. नळी त्यांनीच बंद केली. पण सर म्हणतात, म्हाताऱ्याची नजर गेली आहे."

बुधवारी सकाळी अकराला समिती बसणार होती. नळी दिघेबाईंनी कोरड्या बर्फाच्या डब्यात घालून, डब्याला स्वतःचं सील ठोकून ताब्यात ठेवली होती. बुधवारी इराची नोंदणी रद्द झाली, की तिला देशातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत कोणी बाटल्या धुवायलाही उभं करणार नव्हतं.

"फ्रीझरच्या किल्ल्या कोणाकडे?"

"सरांकडे, हितेंद्रकडे आणि रामजीकाकांकडे."

हितेंद्र तिच्याच हाताखाली आलेला, पण पुढे जायची घाई असलेला संशोधक. रामजी परब हे प्रयोगशाळेचे परिचर. तिसाव्या वर्षापासून तिथेच, येत्या डिसेंबरात निवृत्त होणारे. काच बंद करणारे चिंतामणी धरले तर माझ्यासमोर चार माणसं आणि हातात पावणेदोन दिवस होते.

"तू शेवटची नळी पिवळी कधी पाहिलीस?"

"मंगळवारी. गेल्या आठवड्यात, नवमीच्या आदल्या दिवशी. बुधवारी संस्थेत खंडेनवमीची पूजा होती, गुरुवारी दसरा. दसऱ्यानंतर नळी बाहेर काढायची वेळच आली नाही, आणि बुधवारी मी गेले नाही."

 का गेली नाही, ते मला विचारायची गरजच नव्हती. बुधवारी तिचा दुसरा दिवस होता, आणि 'पूजेच्या ठिकाणी कशाला जातेस, पड जरा घरी' असं तिला मीच म्हटलं होतं. मोठी शहाणी मी! नळीवर नजर ठेवणारी एकटी मुलगी, आणि तिला मीच घरी झोपवली. 

३

मंगळवारी सकाळी पहिल्यांदा माहीम गाठलं. चिंतामणी पागधरे खाडीजवळच्या जुन्या घरात राहतात. चाळीस वर्षं संस्थेत काचकाम केलं, आजही अडलं की त्यांनाच बोलावतात. मी नाव सांगताच भडकले.

"माझी नजर गेली म्हणतो? त्या उन्मेषला पहिली नळी ओढायला मी शिकवलंय! आत पिवळं होतं बाई. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेलं, लिंबाच्या सालीसारखं पिवळं. मी शपथेवर सांगेन."

"तुमचं सील सुटलं असेल, असं होऊ शकतं?"

"सुटलं तर हे दोन्ही हात काढून देईन. जाड भिंतीची नळी आहे. आतली हवा काढून घेतली, ज्योत लावली, काच मऊ झाली, पिळून तोडली. आत हवा राहिली तर हे जमतच नाही. आतून जोर आला की मऊ काच फुग्यासारखी फुगते आणि तोंडावर फुटते. हे बघा." त्यांनी गालावरचा व्रण दाखवला. "वयाच्या एकविसाव्या वर्षी चुकलो होतो. पुन्हा नाही."

त्या वेळी मला त्या व्रणात काही विशेष वाटलं नाही. मी नुसती मान डोलावली आणि परळची बस पकडली.

हितेंद्र संस्थेबाहेरच्या टपरीवर भेटला. माझी नजर चुकवत होता. म्हटलं, हाच तो.

"ताई, मी इराचं वाईट का करू? तिचा प्रबंध गेला तर आमच्या सगळ्यांच्याच कामावर लोक बोट ठेवतील. माझे दोन लेख तिच्या आकड्यांवर आहेत."

"मग खाली काय बघतोस?"

"काल मी तिच्या बाजूने एक शब्द बोललो नाही. म्हणून."

निदान लाज तरी होती. मी विचारलं, पूजेच्या दिवशी काय काय झालं? त्याने मोबाइल काढून ग्रुपवरचे फोटो दाखवले. बुधवारी साडेअकराचा फोटो: यंत्रांना झेंडूच्या माळा, फ्रीझरवर हळदीकुंकवाची बोटं, आकडा दिसतो त्या काचेवरूनच माळ सोडलेली. मधे टेबलावर सरस्वतीची तसबीर, आणि पुढे डॉ. उन्मेष हात जोडून. शुक्रवारी सकाळी दहाचा फोटो: तीच मांडणी, फुलं सुकलेली, उत्तरपूजा चाललेली.

"फ्रीझर चालू होता ना त्या दिवशी?"

"मी साडेअकरालाच निघालो, गावी जायचं होतं. शुक्रवारी पूजा आटोपल्यावर आलो तेव्हा चालू होता. मधलं रामजीकाकांना ठाऊक."

"मग त्यांनाच विचारते. आत आहेत?"

"नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा ते आजारी म्हणून घरी आहेत. काल दुपारपासून."

मी फोटो आणि त्यांच्या वरची सरांची पूजेची सूचना माझ्या मोबाइलवर घेतली आणि चहा तसाच ठेवून उठले.

४

घोडपदेवच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर रामजींची खोली. दाराला दसऱ्याचं तोरण अजून होतं. रामजी आजारी अजिबात नव्हते. बनियन घालून खाटेवर बसले होते, आणि मला बघून असे दचकले, जणू पोलीसच आलेत.

"इराबायची आत्या? या, बसा. पाणी घ्या."

भिंतीवर वडिलांचा फोटो. त्याखाली फळीवर, कुंकू लावून, एक जुना धोटा ठेवला होता. गिरणीच्या मागावरचा, लाकडी, टोकांना लोखंड.

"वडिलांचा?" मी विचारलं.

"होय. लालबागच्या गिरणीत होते ते." त्यांचा चेहरा जरा उजळला. "नवमीक मागांचां सगळां खातां बंद ठेवायचे. बाबा सांगायचे, वर्षभर राबतां ता, एक दिवस तरी निजांदे. पूजा झाली की उत्तरपूजेपर्यंत मागाला हात लावायचा नाही. मीपण संस्थेत तेच..."

आणि तिथेच ते थांबले. वाक्य अर्धवट राहिलं. पाण्याचा पेला हातात तसाच.

"तेच काय, रामजी?"

"काही नाही."

"फ्रीझरचं बटण तुम्ही बंद केलंत?"

"रजिस्टर बघा. नोंदी मीच केल्यात. माझंच अक्षर आहे. वजा ऐंशी."

"रामजी, तिला उद्या चोर ठरवणार आहेत."

त्यांनी डोळे मिटले. "बाय माझे, डिसेंबरात माझे पेन्शनचे कागद निघायचेत. सरांची सही लागते. घरात सहा माणसं आहेत. तुम्ही जावा आता. पाया पडतो, जावा."

आणि साठीला आलेला तो माणूस खरंच वाकला. मी जिना उतरले. फ्रीझर बंद होता, हे आता मला पक्कं कळलं होतं. पण ते सिद्ध करणारा एकच माणूस, आणि तो तोंड उघडणार नव्हता. वर रजिस्टर त्याच्याच अक्षरात माझ्याविरुद्ध उभं होतं.

५

संध्याकाळी सहाला घरी आले तर इरा टेबलाशी बसलेली. समोर एक छापील कागद. मी चष्मा लावून वाचला.

'मी नमुन्यात फेरफार केला. याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे. मला क्षमा असावी.'

खाली तिची सही होती.

"हे कोणी लिहिलं?"

"सरांनी मसुदा पाठवला. म्हणाले, सही करून दिलीस तर प्रकरण इथेच मिटवतो, पोलिसांत जात नाही. उद्या साडेदहापर्यंत द्यायचंय." तिचा आवाज सपाट होता. "आत्या, मी थकले. मला स्वतःलाच आता वाटायला लागलंय, की कदाचित ते पिवळं नव्हतंच."

"गप्प बस!" मी इतकी ओरडले, की शेजारच्या बेबीताईंनी खिडकीतून डोकावलं. "सहा वर्षं तू काय केलंस ते मी बघितलंय. त्या वासाचे कपडे मी धुतलेत!"

 मी कागद तिच्यापुढून ओढून घेतला आणि खुर्चीत बसले.  एकतीस वर्षं एक सवय लागलीये मला. अहवाल डोक्यात बसत नसेल तर पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायचा. नमुना सीलबंद स्थितीत मिळाला. सील अखंड.

"इरा, मला एक सांग. त्या पिवळ्यातून काय निघून जातं म्हणालीस?"

"हायड्रोजन."

"कुठे जातो?"

"हवेत. म्हणजे..."

"हवेत कसा जाईल? सील अखंड आहे. चिंतामणी दोन्ही हात काढून द्यायला निघालेत. बंद नळीतून जे गेलं, ते गेलं कुठे?"

तिने माझ्याकडे बघितलं. आधी काही न कळल्यासारखं, मग एकटक. मग उठली, भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं उलटून गेलेलं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर भराभर आकडे मांडायला लागली.

"शून्य पूर्णांक बावन्न ग्रॅम होतं. चिठ्ठीवर लिहिलंय, सरांच्या सहीसकट. सगळं तुटलं तर हायड्रोजन सदतीस मिली. आणि नळीत मोकळी जागा चार मिली. आत्या, नऊपट कोंबून बसलाय तो आत! मी बाजारची पूड भरली असती तर हायड्रोजन आलाच नसता. तिच्यात हायड्रोजन नावालाही नाही."

"मग नळी फोडायची."

"फोडली की संपलं. एकदाच जमणार. आणि काचेला केसाएवढी जरी चीर असेल, तर हायड्रोजन सर्वांत आधी पळतो. मग आत काहीच सापडणार नाही, आणि मी कायमची खोटी."

"आणि नाही फोडली तर?"

तिने सही केलेल्या कागदाकडे बघितलं. मी तो घडी करून माझ्या पर्समध्ये टाकला.

"जेव आता," मी म्हणाले. "आणि मला ते पूजेचे फोटो मोठे करून दे. आणि ग्रुपवरची सूचनाही. रजिस्टरची गाठ माझ्याशी आहे."

६

बुधवारी अकराला समितीपुढे इराने एवढंच म्हटलं, "नळी फोडा आणि आतला वायू मोजा."

डॉ. उन्मेष हसले. दिसायला भारदस्त, सदऱ्याची घडी न मोडलेला माणूस. विभागप्रमुखपदासाठी त्यांचं नाव गेलं होतं, हे हितेंद्रने मला दारातच सांगितलं. "शेवटचा पुरावा नष्ट करायचा डाव आहे," ते म्हणाले.

कादंबरी दिघेबाई बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी कोरड्या बर्फाच्या डब्याचं आपलं सील स्वतः तपासलं, नळी काढली आणि म्हणाल्या, "फोडा."

शेजारच्या प्रयोगशाळेत नळी एका पोलादी कोशात ठेवली, कोशातली हवा ओढून घेतली, आणि बाहेरून पेच फिरवून आत काच फोडली. कट्कन आवाज झाला. मापनाच्या नळीतला पारा हलेना. एक क्षण, दोन क्षण. इराने माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. मग मुद्दाम बोलावून घेतलेल्या चिंतामणीकाकांनी मधली तोटी सोडली आणि पारा सरसर उतरायला लागला.

वायू छत्तीस मिली भरला. त्यातला थोडा वायू ओळखणाऱ्या यंत्रात सोडला. पडद्यावर रेघ सरळ चालली, आणि मग पहिल्याच मिनिटाला एक उंच सुळका आला.

"हायड्रोजन," दिघेबाई म्हणाल्या. "जवळजवळ सगळाच."

"यात काय सिद्ध होतं?" डॉ. उन्मेषांचा आवाज चढला. "तिने पूड भरली आणि वर हायड्रोजन सोडला!"

"चार मिलीच्या जागेत छत्तीस?" चिंतामणीकाका पुढे झाले. "अरे उन्मेष, आत एवढा दाब असताना नळीला ज्योत कशी लावशील? माझ्या गालाला विचार. हा वायू तोंड बंद झाल्यावर आत तयार झालाय. दुसरा मार्गच नाही."

 इराच्या नावावरचा खोटेपणाचा डाग त्या सुळक्याने पुसला होता. पण डॉक्टरसाहेब हार मानणाऱ्यातले नव्हते.

"ठीक आहे. हायड्राइड होतं. मग हिनेच ते बाहेर काढून गरम होऊ दिलं. निष्काळजीपणा. फ्रीझर तर चालूच होता, रजिस्टर समोर आहे."

"ते मला द्या," मी म्हणाले.

"या कोण?"

"हिची आत्या. टायपिस्ट." मी रजिस्टर उघडलं. "बाई, हे वाचा. अठ्ठ्याहत्तर, एक्याऐंशी, एकोणऐंशी, ब्याऐंशी. यंत्र आहे, एक-दोन अंश डुलणारच. पण खंडेनवमीच्या दुपारपासून शुक्रवारच्या सकाळपर्यंत सहा नोंदी. ऐंशी, ऐंशी, ऐंशी, ऐंशी, ऐंशी, ऐंशी. दोन दिवस यंत्र एकदाही हललं नाही?"

"योगायोग," डॉ. उन्मेष म्हणाले.

"असेल. आता हा फोटो बघा. बुधवार, साडेअकरा. सरस्वतीपुढे फुलांखाली निळ्या पाठीची वही दिसतेय ना? हेच रजिस्टर. वर दोऱ्याने बांधलेलं पेन. पुठ्ठ्यावर कुंकू अजून आहे, हात लावून बघा. आता शुक्रवार सकाळचा फोटो. वही तिथेच, वरच्या अक्षता तिथेच, फूलही हललेलं नाही. आणि ही ग्रुपवरची सूचना." मी चष्मा सावरून मोठ्याने वाचली. "'ग्रंथ, नोंदवह्या व लेखण्या पूजेत ठेवल्या आहेत. शुक्रवारी उत्तरपूजेपर्यंत कोणीही हात लावू नये. सर्व यंत्रे विश्रांतीसाठी बंद राहतील. डॉ. उन्मेष राजाध्यक्ष.' डॉक्टरसाहेब, वही देवीपुढे, पेन देवीपुढे. या सहा नोंदी कोणी लिहिल्या? आणि सर्व यंत्रे म्हणजे फ्रीझर धरून की सोडून?"

"मी... फ्रीझर त्यात अभिप्रेत नव्हता. रामजीने न विचारता बंद केला असेल."

तेव्हा दारातून आवाज आला. "विचारलं होतं."

रामजी उभे होते. धुतलेला शर्ट, हातात टोपी. कधी आले कोणाला कळलं नाही.

"मी विचारलं, सर, हापण बंद करू? तुम्ही म्हणालात, सगळी म्हणजे सगळी, पूजेला संस्थेचे अध्यक्ष यायचेत, घरघर नको. मी बटण काढलं. शुक्रवारी पूजा उठल्यावर चालू केलं. संध्याकाळी तुम्ही रिकामे रकाने बघितलेत आणि म्हणालात, ऐंशी लिही, काही होत नाही. मी लिहिलं." ते दोन पावलं आत आले. "सोमवारी इराबायला तुम्ही चोर म्हणालात तेव्हा मी कोपऱ्यातच उभा होतो. आणि गप्प राहिलो."

 दिघेबाईंनी डॉ. उन्मेषांना बाहेर बसायला सांगितलं. ते गेल्यावर त्या रामजींना म्हणाल्या, "तुमचं पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. खोटी नोंद ही खोटी नोंद आहे."

"ठाऊक आहे बाई. ती आता खरी करतो, तेवढं करूदेत."

मी पर्समधला घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला, आणि इराने तो न उघडताच चार तुकडे केले. रामजींनी दोऱ्याचं पेन उचललं. सहाही ऐंशींवर एकेक रेघ मारली. बाजूला सावकाश लिहिलं: 'पूजेसाठी फ्रीझर बंद होता. त्यामुळे आतील नमुना गेला.' मग थांबले आणि इराकडे बघितलं.

"बाय, ऑगस्टपासून रोज त्याची थंडी बघितली. नाव कधी विचारलंच नाही. काय लिहू?"

इरा त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसली. "लिहा काका. कोबाल्ट. टेट्राकार्बोनिल. हायड्राइड."

ते एकेक अक्षर काढत होते, ती वहीत बघून सांगत होती, आणि तिसऱ्या शब्दाला तिचा आवाज गेला. तीन दिवसांत तेव्हा कुठे ती रडली. रामजी पेन धरून थांबून राहिले. मी पुढे होऊन उरलेला शब्द सांगितला, आणि त्यांनी तो लिहून खाली सही केली.